चौऱ्याऐंशी प्रवासी आणि इन्शिराह

इन्शिराहनं बहगतला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो उभा होता. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हाही उभाच होता, फक्त दुसऱ्या खोलीत. इजिप्तमधल्या, नीलकाठच्या केना गावी तिच्या मामाच्या घरी तो मुलगी बघायला आला होता आणि मुलगी सोडून बाकी सगळं बघत होता. मामानं आग्रह करून त्याला कोचावर बसवलं, तर बूड टेकतंय न टेकतंय तोच गालिच्याची दुमडलेली कड सरळ करायला उठला. सरबत उभ्यानं प्यायला, रिकामा पेला स्वतः मोरीपर्यंत घेऊन गेला आणि येताना तिथला गळका नळ बंद करून आला. तो नळ इन्शिराहच्या जन्माआधीपासून गळत होता. मग त्यानं जमलेली माणसं मोजली.

"एकोणीस," तो मामांना म्हणाला. "पण दारात चपला वीस जोड आहेत."

घरभर शोधाशोध झाली. विसावे निघाले थोरले काका. ते गच्चीवर कबुतरांच्या खुराड्यात दाणे टाकायला शिरले होते आणि बाहेरून कडी लागली होती. दुपारच्या नमाजापासून ते कबुतरांच्या संगतीत बसून होते, आणि घरातल्या एकोणीस जणांपैकी एकालाही त्यांची आठवण झाली नव्हती.

"हा नवरा मुलगा आहे की छताचा पंखा?" आईनं इन्शिराहच्या कानात विचारलं.

पण काकांनी डोक्यावरची पिसं झटकत निकाल देऊन टाकला. "मुलगी यालाच द्यायची. हा कुणाला हरवू देणार नाही."

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस वर्षं बहगत 'नूर अस-सईद' या बोटीवर प्रवासी-व्यवस्थापक होता. लक्सरहून निघायचं, चार रात्रींत असवानला पोचायचं, तिथून नवे प्रवासी घेऊन परत यायचं. बोटीवर शिंप्यापासून संशोधकापर्यंत सगळी माणसं येत, आणि पहिल्या संध्याकाळी त्या सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून बहगत नियम सांगे. स्वतः अर्थातच उभ्यानं. एकूण नियम चौदा. त्यांची तालीम घरी व्हायची, आणि इन्शिराहनं ते इतक्या वेळा ऐकले होते की मोलोखियाची भाजी चिरताना तिची सुरी त्याच तालावर चालायची.

नियम एक: खोलीच्या खिडकीचा पडदा ओढून घ्या. आत्ता बाहेर नील आहे. सकाळी उठाल तेव्हा तिथं शेजारच्या बोटीची खिडकी असेल आणि तिच्यात दाढी करणारा एक सद्गृहस्थ. नियम तीन: जेवणाच्या टेबलावरून पोटात मावेल तेवढं घ्या, पिशवीत मावेल तेवढं नको. नियम चार: आपल्या बोटीचं नाव लक्षात ठेवा, जागा नको. सकाळी तिसरी असलेली बोट दुपारी पाचवी असते. नियम सात: डेकवरच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवू नका; टॉवेलला ऊन खायची गरज नसते. नियम नऊ: जानेवारीत डेकवर येताना शाल आणा, थंडी नंतर माझ्या नावानं वाजत असते. आणि शेवटचा, चौदावा. तो सांगताना बहगत एक बोट वर करायचा: "बोट कुणासाठी थांबत नाही."

थांबायची वेळ तशी कधी आलीही नव्हती. कुठंही उतरताना प्रत्येक प्रवाशाला तो नंबराचं पत्र्याचं कार्ड द्यायचा आणि चढताना परत घेऊन एका फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. फळीवरचे सगळे खिळे भरले की बोट सुटे. सव्वीस वर्षांत एकही खिळा रिकामा राहिला नव्हता. एकदा तर एका म्हाताऱ्या वकिलाला त्यानं कोम ओम्बोच्या न्हाव्याकडून अर्ध्या दाढीसकट उचलून आणलं होतं.

मार्चअखेर तो निवृत्त व्हायचा होता. त्याआधी, शाळांच्या हिवाळी सुट्टीतल्या एका फेरीला, कंपनीनं त्याला सपत्नीक प्रवासाची एक फुकट खोली दिली. सव्वीस वर्षांत इन्शिराह त्या बोटीवर एकदाही चढली नव्हती.

"मला देवळं नकोत," तिनं घरीच बजावलं. "देवळं बघितलीत मी शाळेतून. मला एक संध्याकाळ पाहिजे. वरच्या डेकवर दोन खुर्च्या. एकीवर तुम्ही, एकीवर मी. सूर्य बुडेपर्यंत."

"बुडायला किती वेळ लागतो?"

"ते सूर्याला विचारा, अबू समीहा. तुमच्या हाताखालचा नाही तो."

अबू समीहा म्हणजे समीहाचे बाबा; समीहा त्यांची थोरली, लग्न होऊन असवानला असते. इन्शिराहची मागणी ऐकून ती फोनवर हसत सुटली. "अम्मा, बाबांना बसवणार? तुम्ही दोरखंड घेऊन चाललायत का?"

पण इन्शिराहला हसू येत नव्हतं. एप्रिलपासून हा माणूस चोवीस तास दोन खोल्यांच्या घरात असणार होता. आजवर तो फेऱ्यांच्या मधले दोन दिवस घरी यायचा, आणि त्या दोन दिवसांत ती मसाल्याचे डबे शोधून शोधून थकायची, कारण त्यानं ते उंचीनुसार लावलेले असायचे. आता महिनेच्या महिने. तो बसू शकतो की नाही, हे तिला आधीच कळायला हवं होतं. निदान एक संध्याकाळ तरी. नसेल बसू शकत, तर उरलेलं आयुष्य पंख्याखाली काढायचंय हे मनाशी धरून चालावं लागणार होतं.

लक्सरला बोट सुटण्याआधी गावात उतरताना सगळ्यांना कार्डं मिळाली. तिनंही हात पुढं केला.

"तुला कशाला?" बहगत म्हणाला. "तू यादीत नाहीस, तू घरची. तुला तर मी ओळखतो."

ते तिला तेव्हा गोड वाटलं.

पहिल्या संध्याकाळी तो तिच्याशेजारी दोनदा बसला. पहिल्यांदा कुणाचं तरी पोर कठड्यावर चढलं म्हणून उठला, दुसऱ्यांदा कुणीच काही केलं नाही म्हणून संशय येऊन उठला. दुसऱ्या संध्याकाळी बोट एस्नाच्या बंधाऱ्यावर, बोटी खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात नेणाऱ्या कुलूप-दरवाजात अडकून उभी होती आणि खालून होड्यांतले फेरीवाले प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले पायघोळ गलाबिया डेकवर भिरकावत होते. नियम अकरा: घ्यायचं नसेल तर भाव विचारू नका, आणि पिशवी झेलू तर मुळीच नका. मन्सूरा गावच्या, हज करून आलेल्या हज्जा फौकियानं तीन झेलल्या होत्या.

ही हज्जा फौकिया म्हणजे नियम मोडण्यासाठीच जन्माला आलेली बाई. रुंद, गोरी, हसतमुख. नाश्त्याला तिच्या पिशवीत सहा उकडलेली अंडी जायची, आणि डेकवरच्या चार उत्तम खुर्च्यांवर पहाटेपासून तिचे टॉवेल पसरलेले असायचे.

"हज्जा, तुम्ही एकट्या आहात. चार खुर्च्या?"

"उस्ताज बहगत, एक बसायला, एक पाय ठेवायला, एक पिशवीला."

"आणि चौथी?"

"चौथी तुम्हाला! दोन दिवस बघतेय, टेकला नाहीत कुठं. मूळव्याध आहे का हो?"

डेकभर हशा पिकला. इन्शिराह हसली नाही. सूर्य केव्हाच बुडाला होता, आणि बहगत शेवटची पिशवी अचूक नेम धरून ज्याच्या त्याच्या होडीत परत फेकत होता. त्या रात्री ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. एकतीस वर्षांत ती गप्प अशी तिसऱ्यांदा होती, आणि आधीच्या दोन वेळा त्याला चांगल्या लक्षात होत्या.

"आज," सकाळी दाढी करता करता तो म्हणाला. पडदा अर्थातच ओढलेला होता. "एदफू ते कोम ओम्बो. सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास मी वर येतो. चहा घेऊन येतो. आणि बसतो. समीहाची शपथ."

एदफूला बोटी फार आणि धक्का तोकडा. त्यामुळं एक बोट धक्क्याला लागते, दुसरी तिला बिलगते, तिसरी दुसरीला, आणि शेवटच्या बोटीवरच्या माणसाला काठावर यायचं तर सगळ्यांच्या दिवाणखान्यांतून वाट काढावी लागते. त्या दिवशी 'नूर' तिसरी होती. इन्शिराह दोन परके दिवाणखाने ओलांडून, टांगा करून बाजारात गेली. देऊळ राहू दिलं. तिनं भोपळ्याच्या पावशेर भाजलेल्या बिया घेतल्या, अर्ध्या तासाच्या बैठकीला पुरतील इतक्या. मग तिला वाटलं, हज्जा आपल्याआधी पोचली तर सगळ्याच खुर्च्या टॉवेलांखाली जातील. तिनं टांगेवाल्याला पिटाळलं. "पळव रे, माझी जागा जाईल!"

"बाई, देवळात जागा नाही जात. दोन हजार वर्षं तिथंच आहे."

"देवळाची नाही, नवऱ्याची!"

टांगेवाल्यानं तिच्याकडं दयेनं पाहिलं आणि घोडा सोडला.

धक्क्यावर आल्यावर तिनं बोटी मोजल्या. एक, दोन, तीन. पहिलीच्या दिवाणखान्यातून, दुसरीच्या दिवाणखान्यातून, तिसरीत शिरली ती थेट जिना चढून डेकवर. तोच हिरवा गालिचा, तेच निळं छत, त्याच पांढऱ्या खुर्च्या. पश्चिमेच्या कठड्याला लागून दोन मोकळ्या होत्या. एकीवर ती बसली, दुसरीवर शाल पसरली. नियम सात मोडताना तिला मुळीच लाज वाटली नाही. जागेवरून हलायचं नाही, पाण्याला जायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. उठलं की खुर्ची गेली. ती बिया सोलत बसून राहिली.

पाऊण तासानं बाहेरच्या अंगाला बांधलेल्या बोटीनं भोंगा दिला आणि ती हळूहळू सुटी झाली. तिच्या डेकवर चार टॉवेलांच्या मधोमध हज्जा फौकिया उभी होती आणि हात हलवत होती.

ही त्या बोटीवर काय करतेय? इन्शिराहला हज्जाची कीव आली. चुकली बिचारी. एवढे नियम सांगूनही!

मग हज्जाच्या मागून बहगत गेला. हातात फळी, फळीवर पत्र्याची कार्डं, सगळे खिळे भरलेले. तो कार्डांवरून बोट फिरवत होता आणि ओठ हलत होते. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. समाधानानं त्यानं मान हलवली. मधलं पाणी रुंद होत गेलं.

इन्शिराहच्या हातून बिया सांडल्या.

ती ज्या बोटीवर होती तिचं नाव 'लूलू'. आतली एक बोट मधल्या वेळेत सुटली होती, तिला वाट द्यायला बाकीच्या सरकल्या होत्या, आणि परत बांधताना 'लूलू' तिसरी आणि 'नूर' चौथी झाली होती. नियम चार. तिनं तो स्वतःच्या स्वयंपाकघरात हजारदा ऐकला होता.

'लूलू'चा व्यवस्थापक रिफअत हा बहगतचा अगदी उलटा माणूस. तो खुर्चीतच राहायचा. प्रवासी त्याच्याकडं यायचे. इन्शिराहची हकीकत त्यानं डोळे मिटून ऐकली, तिच्यासाठी चहा मागवला आणि वायरलेस हातात घेतला.

"नूर, नूर. लूलू बोलतेय. तुमचं कुणी राहिलंय का मागं?"

खरखर झाली आणि बहगतचा आवाज आला. ऐटदार, ताठ, उभा आवाज. "नूरवर माझी मोजणी पूर्ण आहे. चौऱ्याऐंशीला चौऱ्याऐंशी. तुमच्याकडं कुणी जास्त निघालं तर तुमचं तुम्ही मोजा, रिफअतभाई. जरा उठून मोजा."

"एक बाई आहेत."

"नाव विचारा."

रिफअतनं तिच्याकडं पाहिलं. इन्शिराहनं हात आडवा केला. ती म्हणाली, "सांगू नका."

"बाई?"

"घेतलीय त्यांनी शपथ, सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास वर येऊन बसायची. तेव्हा कळेलच ना त्यांना? नाही कळलं तर मलाच कळेल."

रिफअतनं विचार केला. हालचाल करण्यापेक्षा न करणं त्याला नेहमीच पटायचं. "बाई म्हणतात, त्या चुकून आल्यात, कोम ओम्बोला उतरतील," त्यानं वायरलेसवर सांगितलं आणि बटण बंद केलं. "पण मी म्हणतो, उस्ताज बहगतना चांगलं ओळखता ना तुम्ही?"

"एकतीस वर्षं."

"मग मी म्हणतो, बिया गोळा करा. बराच वेळ आहे."

पण ती बसूच शकेना. 'लूलू' वीस मिनिटांनी सुटली, आणि इन्शिराह डेकवर येरझाऱ्या घालायला लागली. पुढच्या कठड्यापाशी जायची, डोळ्यांवर हात धरून 'नूर'चा पांढरा ठिपका शोधायची, मागं यायची, शाल उचलायची, परत टाकायची. केळीच्या बागा गेल्या, वीटभट्ट्या गेल्या, काठावर म्हशी धुणाऱ्या बायका गेल्या. जेवायला बोलावलं, तिनं उभ्यानं दोन घास खाल्ले. एका पोक्त गृहस्थानं विचारलं, "बाई, ही खुर्ची रिकामी आहे का?" आणि ती एवढ्या मोठ्यांदा "नाही!" म्हणाली की त्यानं माफी मागितली. तिचा फोन 'नूर'वरच्या खोलीत चार्जरला होता. बहगतचा फोन नियमाप्रमाणं कामाच्या वेळी खणात. त्याला जेवताना कळेल, तिला वाटलं. जेवणाची वेळ गेली. खोलीत पाणी प्यायला जाईल तेव्हा कळेल. चार वाजले. तिच्या मनात आलं की काका कबुतरांत बसले होते तेव्हा त्यांनाही असंच वाटत असणार. आत्ता येईल कुणीतरी. आत्ता.

साडेचारच्या सुमाराला 'नूर' वाळूचा उथळा चुकवायला मंदावली आणि 'लूलू' तिच्या बरोबरीला आली. मध्ये साठ-सत्तर हात पाणी. 'नूर' पश्चिमेला होती, तिच्या मागं सूर्य. त्या उजेडात इन्शिराहला बहगत दिसला. एका टॉवेलाची घडी करत होता. मग कुणाची तरी टोपी पकडली. मग गायब झाला.

पावणेपाचला तो जिन्यावरून वर आला. हातात ताटली, ताटलीत चहाचे दोन ग्लास.

तिनं कठडा घट्ट धरला.

त्यानं दोन खुर्च्या ओढल्या, मध्ये तिवई ठेवली, तिवईवर ग्लास. आणि बसला. खरोखर बसला. घड्याळ पाहिलं. जिन्याकडं पाहिलं. एक ग्लास तिच्या रिकाम्या खुर्चीकडं सरकवला. उठला, खाली गेला, तिला खोलीत शोधायला असणार, पाच मिनिटांनी वर आला तो धावत. डेकवरच्या माणसांतून फिरला, जिन्यामागं पाहिलं, हज्जाच्या टॉवेलांखालीसुद्धा पाहिलं. मग मध्यभागी थांबून त्यानं खिशातून कागद काढला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

तो तिला यादीत शोधत होता. चौऱ्याऐंशी नावं. ती कुठंच नव्हती.

कागद हळूच खाली आला. इतका सावकाश हलताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"अबू समीहा!" ती ओरडली. "ओ अबू समीहा! इकडं!"

अख्ख्या दोन बोटींनी वळून पाहिलं. बहगत कठड्याशी धावला.

"इन्शिराह? तू तिकडं काय करतेस?"

"तुमची वाट बघतेय!"

"नियम चार! नाव बघायचं, नाव! जागा नाही!"

"आणि नवऱ्यानं काय बघायचं? त्याचा नियम कितवा?"

"बरोब्बर विचारलं!" हज्जा फौकिया 'नूर'वरून ओरडली. बहगतनं तिला गप्प राहायला खुणावलं आणि हात तोंडाशी धरले. "तिथंच थांब! हलू नकोस! मी वायरलेसवर सांगतो, कप्तानाला बोट थांबवायला लावतो, मी..."

"बोट थांबवू नका!"

"मग काय करू?"

"बसा!"

"काय?"

"खाली बसा! शपथ घेतलीय!"

तो उभाच राहिला. त्याच्या मागं सूर्य खजुरांच्या शेंड्यांना टेकला होता. मग हज्जा पुढं झाली, तिनं त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि भरलेली पेटी दाबून बंद करतात तसं त्याला खुर्चीत दाबलं.

तो बसला. इन्शिराहही आपल्या खुर्चीत बसली, शाल अंगावर ओढली आणि बिया सोलायला लागली. बोटी बरोबरीनं चालल्या होत्या. तो तिच्याकडं तोंड करून बसलेला, त्यामुळं सूर्यास्त त्याच्या पाठीमागं झाला. त्याला त्यातलं काही दिसलं नाही. त्याचा गुडघा एकसारखा हलत होता, एवढ्या अंतरावरून दिसत होता. दोनदा उठायला झाला आणि दोनदा तिनं नुसतं बोट वर केलं, तो चौदाव्या नियमाला करायचा तसं. तो आधी आपला चहा प्यायला, मग तिचाही. सूर्य गेला तेव्हा दोघांनी एकाच वेळी घड्याळ पाहिलं. तेवीस मिनिटं झाली होती.

कोम ओम्बोला दोन्ही बोटी एकमेकींना बिलगून बांधल्या गेल्या. ती दरवाजातून 'नूर'वर आली तेव्हा तो तिथं उभा होता. त्यानं तिच्या हातात पत्र्याचं एक कार्ड ठेवलं. त्यावर खडूनं पंच्याऐंशी लिहिलं होतं, अजून ओलं होतं, त्याच्या हाताच्या घामानं.

"मोजलंत शेवटी," ती म्हणाली.

"उद्यापासून हे घेतल्याशिवाय उतरायचं नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या प्रवाशाकडं वळला.

त्या फेरीच्या अहवालात 'मागे राहिलेले प्रवासी' या रकान्यात त्यानं शून्य लिहिलं. यादीप्रमाणं ते खरंच होतं. मार्चअखेर तो निवृत्त झाला आणि कंपनीनं निरोपादाखल त्याला हातांची, मऊ गादीची एक खुर्ची दिली. तिच्यावर सध्या इस्त्रीला द्यायचे कपडे असतात.